डब्यातला हिवाळा

यंदा थंडी दिवाळीच्या मागोमाग आली. आसेगावात सगळे खूश आहेत. गव्हाला बरी, हरभऱ्याला बरी, आणि वावरावावरातून हुरड्याचा धूर निघायला लागला की माणसंही जरा बरी वागतात. शेजारची कमल सकाळी शेकोटी पेटवून मला हाक मारते. मी शाल पांघरून जाते, हात पुढे करते, दोन गोष्टी बोलते. मनात मात्र वेगळंच चाललेलं असतं. आज पारा कुठवर उतरला असेल, ऊन चढेपर्यंत किती तास टिकेल, असे किती दिवस सलग मिळतील. आता या थंडीचं मला काहीही करायचं नाही. तरी ही खोड जात नाही.

ती लागली तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात. त्या हिवाळ्यात मी थंडी अक्षरशः भीक मागितल्यासारखी मागितली. बाया देवापुढे काय काय मागतात. मी हात जोडून म्हणायचे, आज गारठा पडू दे. कमलच्या सासूला संधिवात. ती बिचारी पहाटे कण्हत असायची आणि मी भिंतीच्या अलीकडे, अजून थोडा पडू दे, अजून थोडा, म्हणून प्रार्थना करायचे. हताश माणूस किती आपमतलबी होतो ते मला दुसऱ्या कुणावरून शिकावं लागलं नाही.

तसा थंडीशी आम्हा लोकांचा फारसा संबंध नाही. ती पाहुणीसारखी येते, चार दिवस कौतुक करून घेते आणि जाते. आमची खरी ओळख उन्हाशी. वाशीम जिल्ह्यातल्या बाईला उन्हाचं काय करायचं ते शिकवावं लागत नाही. मिरच्या, हळद, कुरड्या, तुरीची डाळ, गाद्या, लोणच्याच्या बरण्या, सगळं उन्हात. उन्हात पडलं ते टिकतं, सावलीत राहिलं ते सडतं, एवढ्या एका गोष्टीवर आमची घरं चालतात. माझं माहेर इंझोरीचं. माझी आई बियाणं धरण्यात साऱ्या गावात हुशार. भेंडी, वाल, दोडकी, कोहळं, कुणाला चांगल्या वाणाचं बी हवं असलं की लोक तिच्या दारात. बी काढायचं, पत्र्यावर खडखडीत वाळवायचं, दाताखाली धरलं तर कट् वाजलं पाहिजे. मग राखेत घोळायचं, कडूलिंबाचा पाला घालायचा आणि गाडग्यात भरायचं. तिचं बी कधी वाया गेलं नाही. मी तिच्या हाताखाली शिकले आणि शिकल्याचा मला गर्व होता.

गर्व मला पुष्कळच गोष्टींचा होता. तीस वर्षं अंगणवाडी चालवली. लेकरांची वजनं केली, त्यांच्या आयांना रागावले, कुणाला गोडीनं तर कुणाला दटावून दवाखान्यात पाठवलं. गावात असं एक बाळंतपण झालं नसेल ज्यात मी नाक खुपसलं नाही. आमचे हे म्हणायचे, हिला विचारल्याशिवाय गावातली कोंबडी अंडं देत नाही. मी हसायचे. मला ते खरंच वाटायचं.

रूपाली आमची एकुलती एक. जावई रस्त्यांच्या कामावर, हिमाचलात. लग्नानंतर ती तिकडे गेली. डोंगराच्या उतारावर एक गाव, एका म्हाताऱ्या बाईच्या घरात भाड्याच्या दोन खोल्या, अंगणात एक झाड. चेरीचं आहे, असं ती फोनवर सांगायची. मला चेरी ठाऊक ती केकवरची, लालभडक, रबरासारखी चिवट. ती झाडाला लागते याचंच मला नवल. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिच्या गाडीचं रिझर्व्हेशन झालं होतं, मी लाडवांसाठी डिंक आणून ठेवला होता. बाळ दीड महिना आधीच आलं. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी पिवळी पडली, नवव्या दिवशी गेली. मधल्या सहा दिवसांचं मी पुढे सांगेन. आत्ता हात उचलत नाही.

मी अकोल्याहून गाडी धरली, दिल्लीला बदलली, मग बस, मग आणखी एक बस. पोचले तेव्हा सगळं होऊन गेलेलं. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. अंगणाच्या खालच्या टोकाला, त्या झाडाच्या बुडाशी ठेवलं होतं, जनावरानं उकरू नये म्हणून वर दगड रचले होते. झाडाला एक पान नव्हतं. मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हातारीला विचारलं, हे झाड वाळलं का. ती म्हणाली, वाळलं नाही, झोपलंय. रूपाली खिडकीशी बसली होती आणि रडत नव्हती. मी तिला न्यायला गेले होते, ती आली नाही. तो सगळा हिवाळा तिनं त्या खिडकीत काढला.

ती आली मृगाच्या तोंडावर. जावयाची दुसऱ्या साइटवर बदली झाली, तिथं बाईमाणसाची सोय नव्हती, म्हणून आली. अर्धी झाली होती. पिशवीत चार कपडे आणि एका रुमालात बांधलेल्या चेरीच्या बिया. चाळीस होत्या. वैशाखात ते झाड लाल झालं, तिनं त्याची फळं खाल्ली आणि बिया धुऊन ठेवल्या. त्या झाडाखाली एकटीनं बसून ती फळं तिच्या घशाखाली कशी उतरली असतील, हे मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. माझ्या हातात रुमाल देऊन ती म्हणाली, "आई, या नीट ठेवजो. आपल्या अंगणात लावू." कित्येक महिन्यांत तिनं माझ्याशी बोललेलं ते सगळ्यात लांब बोलणं होतं.

मी नीट ठेवल्या. पत्र्यावर पांढरं फडकं अंथरलं, एकेक बी सुटी मांडली, चिमण्यांनी टोचू नये म्हणून राखणीला बसले. पाऊस लांबला होता. पत्र्याला हात लागला तर फोड यावा असं ऊन. असे आठ दिवस. नवव्या दिवशी एक बी दाताखाली धरली, कट् वाजली. मग राख, मग पाला, मग गाडगं. त्या आठ दिवसांत मला जेवढं बरं वाटलं तेवढं त्या वर्षात कधी वाटलं नव्हतं. लेक भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, तिच्यासाठी काय करावं ते कळत नव्हतं, आणि निदान हे एक काम मला येत होतं.

पोळ्याच्या आधी त्या म्हातारीचा माझ्या मोबाइलवर फोन आला. तिकडे पावसानं डोंगर खाली आला होता. घर वाचलं. अंगणाचं खालचं टोक गेलं, झाडासकट, दगडांसकट सगळं दरीत. ती सांगत होती आणि रडत होती. मुलीला सांगू नका म्हणाली. मग म्हणाली, तिनं नेलेल्या बिया आहेत ना, आता तेवढंच राहिलं, जपा त्यांना. कसं जपायचं तेही तिनं सांगितलं. ओल्या वाळूत घालून तीन महिने थंडीत ठेवायच्या, फ्रिज असेल तर फ्रिजमध्ये. बर्फाचा हिवाळा आपल्यावरून गेला असं बीला वाटलं पाहिजे, मगच ती डोळा उघडते. मी विचारलं, आणि उन्हात वाळवल्या असतील तर?

 "धूप में?" ती म्हणाली. "बहनजी, फिर तो अंदर से मर गई होगी."

मी गाडगं उतरवलं. अडकित्त्यानं एक बी फोडली. आतला दाणा तपकिरी, सुरकुतलेला, खवट शेंगदाण्यासारखा. दुसरी फोडली, तीही तशीच. तळहातावर घेऊन यांना दाखवायला गेले. यांचा सारा जन्म वावरात गेला. पेरणीआधी मूठभर सोयाबीन ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहिल्याशिवाय हे एक दाणा मातीत टाकत नाहीत. त्यांनी तो दाणा नखानं दाबला, नाकाशी नेला.

"मेली हाये," म्हणाले. "पोरीले सांगून टाक."

मी त्यांना शपथ घातली. सांगायचं नाही, चेहऱ्यावरही आणायचं नाही. त्यांनी ती मानली. त्यांनाही ठाऊक होतं. रूपाली त्या दिवसांत अर्धी भाकरी खायची, तीही समोर कुणी बसलं तर. दुपारी कुणाला न सांगता वावरात जायची आणि विहिरीच्या काठावर बसायची. पहिल्यांदा आम्ही म्हटलं, बसते बिचारी, गार वाटत असेल. पाचव्या-सहाव्या वेळेनंतर यांनी मंगरूळपीरहून माणूस आणला आणि विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली. जाळी कशासाठी, हे घरात कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. अशा पोरीला मी काय सांगणार होते, तुझं तिथलंही गेलं आणि इथलं मी मारलं? अडतीस राहिल्या होत्या. अडतीसांत एक तरी जिवंत असेल, एवढ्या एका आशेला मी दातांनी धरून राहिले.

दसरा झाल्यावर डबा भरला. नाल्यातली वाळू आणून चाळली, सात पाण्यांनी धुतली, ओली करून स्टीलच्या डब्यात घातली. बिया रूपालीनं मोजल्या. "चाळीस होत्या ना?" मी म्हटलं, दोन उंदरानं नेल्या असतील. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं झाकण लावलं, झाकणावर पेनानं तारीख लिहिली आणि डबा फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवला. वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून मी बाहेरच्या गारठ्याचाही हिशेब ठेवायला लागले.

तिथून ती बदलायला लागली. सकाळी उठून आधी डबा. वाळूत बोट घालून ओल पाहायची, चार थेंब शिंपडायची. उठलीच आहे तर चहा प्यायची, चहा प्यायली की केस विंचरायची. हळूहळू बोलायलाही लागली, पण फक्त झाडाबद्दल. बर्फ पडल्यावर खालचे दगड दिसेनासे होतात, झाडाच्या फांद्यांवर रेघेरेघेनं बर्फ बसतो, वारा आला की तेवढा भुरभुर झडतो. एकदा डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "थंडीनं ते मरत नाई, आई. झोपते फक्त." ती झाडाबद्दल बोलत होती की आणखी कुणाबद्दल, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी ती वांग्याच्या भरितासोबत पूर्ण भाकरी जेवली आणि वर अर्धी मागितली. मी परसात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. हे गोठ्यातून बघत होते. त्यांनी मान फिरवली. पोरगी बरी होत होती, आणि जिच्या आधारानं बरी होत होती ती गोष्ट मी माझ्या हातानं पत्र्यावर भाजून मारली होती. तिचा एक घास वाढला की माझा एक कमी व्हायचा.  ती जेवढी वर चढतेय तेवढ्याच उंचावरून पडणार, असं वाटायचं.

मला आधी वाटायचं, खोटं एकदा बोललं की झालं. तसं नसतं. ते रोज सकाळी चहाच्या आधी नव्यानं बोलावं लागतं. ती डबा उघडून विचारायची, काही दिसतं का, आणि मी चष्मा सारखा करून वाळूत बघायचे. अजून वेळ आहे, म्हणायचे. आणि खरं सांगते, मी बघायचे ते नाटक म्हणून नव्हे. रोज मला वाटायचं, आज एखादी तडकलेली असेल.

पौषात गावातली विजेची डीपी जळाली. अर्धं गाव अंधारात. दोन दिवस लागतील म्हणाले, चार लागतील म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी रूपाली डबा छातीशी धरून अंगणात उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. डबा गरम होतोय, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी पोतं भिजवलं, डबा त्यात गुंडाळला, ऑटो केला आणि मंगरूळपीर गाठलं. स्टँडजवळ रहीमभाईचं थंड पेयांचं दुकान. त्याच्या बायकोचं माहेर आमच्या गावचं, तिच्या दोन लेकरांची वजनं माझ्याच काट्यावर झालेली. मी सांगितलं, औषध आहे, गार ठेवायचं आहे पण गोठवायचं नाही. कुणाचं, कशाचं, त्यानं काही विचारलं नाही. काचेच्या फ्रिजचा एक कप्पा रिकामा केला, बाटल्या खाली उतरवल्या, डबा मधोमध ठेवला, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर 'हात लावू नये' असं लिहून डब्यापुढे उभं केलं. "बेफिकर राहा बाई," म्हणाला. "तुमची अमानत हाये."

मी स्टँडवर येऊन बाकड्यावर बसले. दोन बसा गेल्या, मी उठले नाही. धाप लागली होती, पोलकं घामानं भिजलं होतं. एवढी धावाधाव मी मेलेल्या बियांसाठी केली होती आणि धावताना मला त्या मेल्या आहेत याचा विसरही पडला नव्हता. त्या बाकड्यावर मला ते सहा दिवस आठवले. किती टाळणार? लेकरू पिवळं दिसतंय म्हणून रूपालीनं फोन केला, तेव्हा मी म्हटलं होतं, घाबरू नको, तूही अशीच पिवळी होतीस, तुझ्या आजीनं तुला कोवळ्या उन्हात धरलं आणि आठ दिवसांत कावीळ उतरली. सकाळ-संध्याकाळ उन्हात धर. म्हातारी आणि जावई म्हणत होते, खाली मोठ्या दवाखान्यात नेऊ. रूपालीनं मला विचारलं. मी म्हटलं, एवढ्या थंडीत एवढ्या नाजूक लेकराला चार तास गाडीत घालू नको.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्या अंगणवाडीच्या भिंतीवर तक्ता होता. त्यात पिवळ्या लेकराचं चित्र होतं, आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेलं लेकरू पिवळं दिसलं तर लगेच दवाखाना, असं त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं. गावातल्या किती बायांना मी हाताला धरून नेलं होतं. आपल्या घरचं लेकरू म्हटल्यावर मला तक्ता आठवला नाही, आई आठवली. लेकरू गेल्यावर नातलग म्हणाले, नशीब. कुणी म्हणालं, देवाची मर्जी. मी मान हलवत राहिले. तू सांगितलं होतंस, असं रूपाली कधी म्हणाली नाही. मी सांगितलं होतं, असं मीही कधी म्हणाले नाही. आमच्या दोघींमध्ये ते तसंच पडून राहिलं आणि आम्ही दोघी त्याला वळसा घालून घरात वावरत राहिलो.

इथं एक सांगून टाकते, उगाच वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. रूपाली आज आहे. जावयाची बदली इकडे झाली, दोघं यवतमाळला असतात. ती शिवणाचं काम करते, एक दिवसाआड फोन करते. तिनं मला माफ केलं, असं मात्र कुणी समजू नये. मी मागितली नाही आणि तिनं दिली नाही. माफी ही मागून-देऊन मिटणारी गोष्ट असते असं मला पूर्वी वाटायचं. आता त्या बाबतीत माझं काही मत नाही, आणि कुणी विचारलं तर सांगतही नाही.

वीज आली, डबा परत घरच्या फ्रिजमध्ये आला, आणि माघात बिया लावल्या. अडतीस काळ्या पिशव्या, कडूलिंबाच्या सावलीत चार रांगा. बिया डब्यातून जशा गेल्या तशाच निघाल्या होत्या, एकही तडकलेली नव्हती. मातीत गेल्यावर तडकेल, ती म्हणाली. मी हो म्हटलं. यांनी गाळाची माती, शेणखत, सगळं आणून दिलं आणि वावरात निघून गेले. आमच्याकडे थंडी जाते ती निरोप घेऊन जात नाही. एका सकाळी शाल नको वाटते आणि दुपारी पंखा लावावा लागतो. फाल्गुन लागला, पळस पेटले, पिशव्यांतली माती तडकायला लागली. रूपालीनं पिशव्यांवर ओलं गोणपाट टांगलं. दर तासाला पाणी शिंपडायची. बाज काढून तिथंच बसू लागली. होळी गेली. एका पिशवीत हिरवं काही दिसलं म्हणून ती ओरडत आली, मी चप्पल न घालता धावले. ते गवत होतं. तिनं ते उपटलं नाही, राहू दे म्हणाली. ताटातली भाकरी पुन्हा अर्धी राहायला लागली.

मग ती दुपार. मी तिला जेवायला बोलवायला गेले. तिनं एक पिशवी फाडली होती आणि मातीतून बी काढून बोटांत धरली होती. बी दाबली की मऊ लागत होती, काळं पाणी येत होतं. तिनं ती मला दाखवली. आवाजात काही नव्हतं. पीठ संपलं असं सांगावं तशी ती म्हणाली, "माह्या हातालेच गुण नाई, आई. माह्या हातानं काईच जगत नाई." आणि वावराच्या वाटेकडे बघायला लागली.

 जाळी आहे, जाळी आहे, असं मी मनात म्हणत होते. पण जिला जायचं तिला काय एकच वाट असते? आयुष्यभर मी तोंड चालवलं, आणि नेमकं जे बोलायचं ते दीड वर्ष घशात धरून बसले होते. मी तिच्या बाजेपाशी मातीतच बसले.

"तुह्या हाताचं त्याच्यात काई नाई," मी म्हटलं. "बिया म्या मारल्या. आठ दिस पत्र्यावर वाळू घातल्या होत्या. उनानं आतून मेल्या त्या."

 मग तिनं विचारलं, "कवा समजलं तुले?"

"पोळ्याच्या आंधी. उंदरानं नेल्या म्हटलं त्या दोन म्याच फोडून पाह्यल्या होत्या."

"अन् थंडीभर माह्यासंगं डबा उघडत राह्यली?"

मी मान हलवली. आता सांगतेच आहे तर सगळं सांगावं, म्हणून डोंगर खाली आल्याचं सांगायला लागले. तिनं मला मध्येच थांबवलं. ते तिला ठाऊक होतं. जावयानं तिला तेव्हाच कळवलं होतं. मला कळलं तर मी खचेन म्हणून तिनं घरात सांगितलं नव्हतं. म्हणजे आता तेवढंच उरलंय हे ठाऊक असूनच ती रोज तो डबा उघडत होती, हे मला त्या दुपारी कळलं.  तरी एक राहिलंच होतं, आणि ते आता सांगितलं नाही तर मरेपर्यंत सांगणार नाही हे मला माहीत होतं.

"अन् तिच्या वक्तीबी म्याच सांगतलं होतं," मी म्हटलं. "उनात धर म्हणून. दवाखान्यात नेऊ नको म्हणून."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे आई. सगळे तसंच म्हणतात. मी त्याचीच वाट बघत होते, खोटं कशाला बोलू.

"हो," ती म्हणाली. "तूच सांगतलं होतं."

आणि मग रडायला लागली. दीड वर्षात पहिल्यांदा. आवाज असा की कमल भिंतीवरून डोकावली आणि तशीच मागे गेली. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तिनं तो झिडकारला. थोड्या वेळानं तिनंच तो हात धरला, आणि इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. रडता रडता ती बोलायला लागली. नऊ दिवस, एकेक दिवस. लेकरू कसं दिसायचं, दूध कसं ओढायचं, मूठ कशी धरायचं. ऊन खिडकीतून कुठवर यायचं आणि ती बाळाला घेऊन त्या उन्हामागे कशी सरकत जायची. आठव्या दिवशी ते रडेनासं झालं. दिवसभर निजून होतं. तिला वाटलं, शांत झालं, गुण आला. तिनं मला आनंदानं फोन केला होता. मी फोनवर काय म्हणाले होते, ते मला आठवत नव्हतं. तिला शब्दन् शब्द पाठ होता.

"तू म्हणली," ती म्हणाली, "पाह्य, म्या सांगतलं नव्हतं?"

ऊन कडूलिंबाखालून सरकत आमच्या पायांवर आलं. उठून आत चल, असं मी तिला म्हणाले नाही. ती सांगत राहिली आणि मी ऐकत राहिले.